फॅन आहात? मग राहता कुठे?

टीम कुठलीही असो, फॅनला राहायचं असतं ते एका शहरात. तिकीट देणारं, उन्हात बसवणारं, रात्री घरी पोचवणारं (किंवा न पोचवणारं) आपल्या देशातलं शहर कोणतं? एक अत्यंत पक्षपाती नंबर गेम...

शहरांच्या रँकिंगची आपल्याला सवय आहे. राहायला बेस्ट शहर, खायला बेस्ट शहर, करिअरला बेस्ट शहर... अशी एखादी यादी आली की ऑफिसात लंच टाइमची सोय होते. अमेरिकेत तर स्पोर्ट्स फॅनसाठी बेस्ट शहर कोणतं, याच्याही याद्या निघतात. टीम किती, ट्रॉफ्या किती, स्टेडियम किती भरतं, असा सगळा हिशेब त्यात असतो. तोच हिशेब आपल्याकडे लावला तर हा लेख इथेच संपेल. २०२४ पर्यंत रणजीच्या ४२ ट्रॉफ्या, शिवाय २०१३ ते २०२० या काळात आयपीएलच्या पाच. मुंबई पहिली, बाकीच्यांनी घरी जा!

पण ट्रॉफी काचेच्या कपाटात असते, बॉस. फॅन असतो रांगेत.

म्हणून मी चार साधे प्रश्न घेतले. नोकरी करणाऱ्या माणसाला सरळ मार्गाने तिकीट मिळतं का? मॅच संपल्यावर घरी जाता येतं का? मोठी मॅच नसते तेव्हा, म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस, शहर फॅनला काय देतं? आणि हरल्यावर तिथली गर्दी कशी वागते? पाचवा प्रश्न सुरुवातीला नव्हता. तो बंगळूरने घालायला लावला. त्याविषयी पुढे.

सहावं पुणे! (आता पत्रं येणार...)

शेवटच्या नंबरापासून सुरुवात करू. पुणेकरांनो, शाई भरण्याआधी सांगते, मीही तुमच्यातलीच आहे.

ज्या शहराच्या नावावरून ब्रिटिशांनी एकेकाळी बॅडमिंटनलाच ‘पूना’ म्हटलं, त्या शहरातल्या फॅनने टीम धरायची तरी कुठली? पुणे वॉरियर्स २०११ मध्ये आली, २०१३ मध्ये गेली. रायझिंग पुणे २०१६ मध्ये आली, २०१७ च्या फायनलमध्ये मुंबईकडून एका रनने हरली आणि तीही गेली. ती आलीच होती दोन वर्षांसाठी, हे मान्य. पण म्हणून त्या एका रनचं दुखणं कमी होतं का? फुटबॉलमधलं एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झालं आणि २०१९ मध्ये गुंडाळलं गेलं. टेनिसची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये चेन्नईहून बालेवाडीला आली, तेव्हा आम्ही कॉलर ताठ केली होती. २०२३ नंतर तीही नाही. पुण्यातल्या माझ्या वयाच्या फॅनचं कपाट उघडा, बंद पडलेल्या टीमच्या जर्सी निघतील. त्या घालायच्या की फरशी पुसायला घ्यायच्या, हे अजून ठरलेलं नाही.

आणि मग गहुंजे. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे स्टेडियम देखणं आहे, वादच नाही. एक्स्प्रेसवेवरून जाताना मान वळतेच. पण ते पुण्यात आहे म्हणणं म्हणजे लोणावळा डेक्कनच्या पलीकडे आहे म्हणण्यासारखं! ऑफिसातून हाफ डे टाकून निघायचं, हायवेच्या ट्रॅफिकमध्ये टॉस ऐकायचा आणि परतताना पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत हायलाइट्स बघून व्हायच्या. २४ ऑक्टोबर २०२४ ला न्यूझीलंडविरुद्धची टेस्ट सुरू झाली, तो दिवस आठवा. बहुतेक स्टँडवर छप्पर नाही आणि आत प्यायला पाणी नाही. लोकांनी घोषणा दिल्या, मागाहून असोसिएशनने माफी मागितली. मॅच आपण तिसऱ्याच दिवशी हरलो आणि घरच्या मैदानावर मालिका न हरण्याची बारा वर्षांची सवयही मोडली. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियानेही इथली टेस्ट तिसऱ्या दिवशीच संपवली होती.

सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१८ मध्ये कावेरी आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जच्या होम मॅचेस गहुंजेला हलवाव्या लागल्या. तर त्यांनी हजारेक फॅन्सना स्पेशल ट्रेनमध्ये बसवून पुण्याला आणलं! पिवळे टी-शर्ट, शिट्ट्या, ढोल... आल्या दिवशी त्या मंडळींनी आपलं स्टेडियम स्वतःचं घर असल्यासारखं वापरलं. आपल्याला ते कधी जमलं नव्हतं.

शून्य मार्क मात्र देता येत नाहीत. पुणेरी पलटणने २०२४ मध्ये प्रो कबड्डी जिंकली. ही टीम एवढी वर्षं टिकली, हेच पुण्यात केवढं तरी आहे. बालेवाडीच्या इनडोअर हॉलमध्ये रेडर मधल्या रेषेकडे झेप घेतो तेव्हा शेजारचे आजोबा तुमच्या खांद्यावर हात आपटतात. असा प्रसंग आणखी दोनचार खेळांत आला तर पुणं वर सरकेल.

एक चौथं, एक पाचवं

ट्रेनमधून आलेले ते लोक कुठल्या मातीचे, हे कळायला चेपॉकला जावं लागतं. स्टेडियमला खेटून लोकलचं स्टेशन आहे. २०२३ मध्ये तर सीएसकेच्या मॅचच्या तिकिटावर मेट्रोचा येण्याजाण्याचा प्रवास फुकट करून टाकला होता. इतकी साधी आयडिया बाकीच्यांना का सुचत नाही?

पण चेन्नईचं खरं सर्टिफिकेट जुनं आहे. ३१ जानेवारी १९९९. समोर पाकिस्तान, सचिन दुखऱ्या पाठीने १३६ करून आऊट झालेला आणि आपण अवघ्या १२ रन्सने हरलेलो. त्या हरलेल्या स्टेडियमने उभं राहून पाकिस्तानसाठी टाळ्या वाजवल्या, आणि वसीम अक्रमच्या टीमने मैदानाला फेरी मारली. त्या वेळी शाळेत असलेल्या आमच्यासारख्यांना ती मॅच हरल्याचं रडू आठवतं, टाळ्यांचं मोल नंतर कळलं. हरायचं कसं, या पेपरात चेन्नई पहिली. मग एकूण चौथी का? कारण उकाडा! आणि त्या एका पिवळ्या रंगापलीकडे शहराचं लक्ष फारसं जात नाही म्हणून.

पाचवं मडगाव. फातोर्ड्याला संध्याकाळची मॅच, आत गोंयकारांचा गोंगाट, बाहेर चोरीस-पाव. आणखी काय पाहिजे? टिकाऊपणा पाहिजे. देशाची लीग पाच वेळा जिंकणाऱ्या डेंपोसकट गोव्याचे तीन क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. (डेंपो परत आलं, पण त्यासाठी २०२४ उजाडलं.) २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफसी गोवाशी खेळायला सौदीचं अल नासर फातोर्ड्याला आलं. सगळा गोवा रोनाल्डोची वाट बघत होता आणि नेमका तोच आला नाही. गोवा १-२ असं हरलं, पण तोंडावर पडलं नाही. त्याच वर्षी आयएसएलचा नवा मोसम ठरलेल्या वेळी सुरूच झाला नाही. टीम होती, स्टेडियम होतं, पण मॅच कधी हे कुणीच सांगत नव्हतं. फॅनने करायचं काय?

अहमदाबादचं काय, असं कुणी तरी विचारणारच. १ लाख ३२ हजार खुर्च्यांचं स्टेडियम आहे, कबूल. पण १९ नोव्हेंबर २०२३ ला ट्रॅव्हिस हेड खेळायला लागल्यावर त्या एवढ्या खुर्च्यांमध्ये जी शांतता पसरली, ती टीव्हीवरसुद्धा ऐकू आली. नंबर नाही.

बंगळूरला नंबर का नाही

हे शहर खरं तर वरच्या तिनात यायला हवं होतं. चिन्नास्वामीजवळच मेट्रो, कांतीरवाला बंगळूर एफसीचे गाणारे फॅन, आणि आरसीबीवर जडलेला जीव. सतरा वर्षं एकही आयपीएल न जिंकणाऱ्या टीमसाठी दरवर्षी ‘या वर्षी कप आपलाच’ म्हणणारी ही माणसं. आपण त्यांच्यावर जोक केले, ते हसून परत पुढच्या वर्षी आले. माझ्या मते देशातला सगळ्यात सोशिक फॅन हाच.

३ जून २०२५ ला रात्री आरसीबीने अहमदाबादला कप जिंकला. दुसऱ्याच दिवशी बंगळूरमध्ये सत्कार ठरला. मिरवणूक निघणार की नाही, आत जायला पास लागणार की नाही, याचाच गोंधळ होता. चिन्नास्वामीच्या गेटबाहेर चेंगराचेंगरी झाली. ११ जण गेले. बहुतेक तरुण होते. कामाच्या दिवशी, दुपारनंतर, बॅग पाठीला लावून तुम्ही-मी गेलो असतो तसेच गेलेले. बाहेर हे झालेलं असताना आत सत्कार पार पडला.

पाचवा प्रश्न हाच. फॅन घरी परत येतो का? बाकीच्या चार प्रश्नांत बंगळूरला कितीही मार्क पडले तरी मला त्या बेरजेखाली रेघ मारता येईना. म्हणून नंबर नाही.

या घटनेनंतर महिला वर्ल्ड कपच्या तिथल्या मॅचेस दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्या आल्या नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आणि तिथे जे घडलं, त्यामुळे मुंबईचा नंबर मला बदलावा लागला.

मुंबई, आणि तिच्या खाडीपलीकडची धाकटी

खरं सांगते, मुंबईला मी खाली ठेवणार होते. कारण वानखेडे. हे स्टेडियम मुळात बांधलं गेलं तेच तिकिटांच्या भांडणातून! सत्तरच्या दशकात ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ताब्यात होतं, आणि मुंबईच्या असोसिएशनला मॅचची किती तिकिटं द्यायची यावरून दोघांचं बिनसलं. असोसिएशनने जवळच स्वतःचं स्टेडियम उभं केलं, १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली टेस्ट झाली. बरं, मग तिकिटं मिळायला लागली? २ एप्रिल २०११. वर्ल्ड कपची फायनल, साधारण ३३ हजारांचं वानखेडे आणि सर्वसामान्यांसाठी विक्रीला ठेवलेली तिकिटं सुमारे चार हजार. बाकीची क्लब, सभासद, स्पॉन्सर, पाहुणे वगैरे वगैरे. धोनीचा तो सिक्सर आपण सगळ्यांनी पाहिला, पण कुठे? सोसायटीच्या हॉलमध्ये. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं म्हणून स्टेडियम जवळ, पण तिकिटाच्या हिशेबाने ते गहुंजेपेक्षा लांब.

आता नेरूळ. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये साखळी मॅचची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. शंभर! कॉफी शॉपमध्ये त्यात फेससुद्धा येत नाही. ३० ऑक्टोबरच्या सेमी फायनलला ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं टार्गेट होतं. मुंबईच्याच जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून ते गाठून दिलं. २ नोव्हेंबरला फायनल पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली, दक्षिण आफ्रिका ५२ रन्सने हरली तेव्हा मध्यरात्र झाली होती, आणि स्टँडमधून कुणी उठत नव्हतं. गर्दीत मुली होत्या, आया होत्या, आज्या होत्या.

हे एवढं कौतुकाने का सांगते, तर आजवर स्टेडियममध्ये बाई असणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. एका मोठ्या मैदानावर (नाव राहू दे) अख्ख्या स्टँडसाठी असलेल्या एकुलत्या लेडीज टॉयलेटला कुलूप होतं. चावी कुणाकडे, तर ‘साहेब जेवायला गेलेत’. लंचनंतरचं अख्खं सेशन मी थेंबभर पाणी न पिता काढलंय. त्यामुळे २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग मुंबई-नवी मुंबईत सुरू झाली आणि बायकांना मोफत प्रवेश मिळाला, तेव्हा माझा आनंद काही फुकट तिकिटाचाच नव्हता. आपण येणार हे कुणी तरी आधी धरून चाललं होतं!

मुंबईची दुसरी श्रीमंती मैदानांची. ओव्हल ओलांडून ऑफिसला निघालेला माणूस एक ओव्हर बघायला थांबतो, चार ओव्हर बघतो आणि मग धावत सुटतो. आझाद मैदानावर १९८८ मध्ये सचिन आणि कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ ची पार्टनरशिप केली, तीही अशी कुणालाही कडेला उभं राहून फुकट बघता आली असती. भर पावसाळ्यात, गुडघाभर गवतात खेळली जाणारी कांगा लीग १९४८ पासून चालू आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबईने विदर्भाला हरवून रणजी जिंकली, ती वानखेडेवरच. त्या फायनलला मात्र वशिला लागला नाही.

४ जुलै २०२४ ची मरीन ड्राइव्हची मिरवणूकही हिशेबात घ्यायला हवी. टी-२० वर्ल्ड कप घेऊन टीम आली आणि समुद्राला समांतर माणसांचा दुसरा समुद्र. त्या गर्दीने वाट करून अॅम्ब्युलन्स जाऊ दिली, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर चपलांचे ढीग होते आणि काही जण गुदमरून हॉस्पिटलात गेले होते. अकरा महिन्यांनी बंगळूरला जे झालं ते इथे झालं नाही, यात नशिबाचा वाटा किती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबई तिसरी.

कोल्हापूर : जगात भारी? देशात दुसरं!

मुंबईच्या वर कोल्हापूर म्हटल्यावर ऑफिसात माझी वेड्यात काढणी झाली. पण विचार करा. इथे टीम विकत घेतलेली नाही, ती पेठेतून उगवलेली आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ... नावात तालीम, पायात फुटबॉल. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉलची टीम निघणारं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. शाहू स्टेडियमला मॅच असली की त्या पेठेचं दुकान बंद आणि पोरगं गॅलरीत. तिथे ‘तुझी टीम कुठली?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, ‘तू कुठल्या पेठेतला?’ एवढं पुरतं. पुण्यातल्या माझ्यासारख्या, टीम मेलेल्या माणसाला याचा किती हेवा वाटतो, काय सांगू!

फिफा वर्ल्ड कपच्या दिवसांत जाऊन बघा. मेस्सीचं कटआऊट एका चौकात, नेमारचं दुसऱ्या. अर्जेंटिना आणि ब्राझीलला जितकं एकमेकांचं वावडं नसेल तितकं दोन गल्ल्यांना. कधी कधी ते इतकं वाढतं की मैदानात हाणामारी होते आणि स्पर्धा थांबवावी लागते. त्यासाठी मार्क कापलेत, काळजी नसावी.

शिवाय खासबाग. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान मधे खोलगट, सभोवती चढत गेलेलं. कुठेही बसा, आखाडा दिसतो. खांब आडवा नाही, व्हीआयपीच्या सोफ्याची पाठ आडवी नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्याला हे सुचलं त्याने फॅनचा विचार केला होता. आणि १९५२ ची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्रिन्सिपल खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा ब्राँझ घेऊन आले. आपण जर्सी विकत घेतो आणि स्वतःला कट्टर फॅन म्हणवतो!

आणि पहिलं...

कोलकाता. आता म्हणाल, १९९६ विसरलीस का? नाही विसरले. श्रीलंकेविरुद्ध सेमी फायनलला बाटल्या आल्या, आगी लागल्या, मॅच बहाल करावी लागली. १९९९ मध्ये, चेन्नईच्या त्या टाळ्यांनंतर तीनच आठवड्यांनी, ईडन गार्डन्स रिकामं करून पाकिस्तानची मॅच पूर्ण करावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी सॉल्ट लेकला आला, पाहुण्यांच्या गराड्यात थोडा वेळ दिसला आणि गेला. हजारो रुपये मोजून आलेल्या लोकांनी खुर्च्या तोडल्या. हरायचं कसं या पेपरात कोलकाता चक्क नापास.

तरी पहिलं. कारण वर्षातला कुठलाही दिवस घ्या, तिथे फॅनला काम असतं. कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ पासून चालू आहे. मोहन बागान १८८९ चं, ईस्ट बंगाल १९२० चं. डर्बी ईस्ट बंगालने जिंकली की बाजारात हिलसा, मोहन बागानने जिंकली की कोळंबी. म्हणजे मॅचचा निकाल थेट कालवणात! १९९७ च्या फेडरेशन कप सेमी फायनलला सॉल्ट लेकमध्ये १ लाख ३१ हजार माणसं होती, भुतियाने हॅटट्रिक केली. आता तर सॉल्ट लेक स्टेडियम नावाचं मेट्रो स्टेशनच आहे.

पण माझं मत फिरलं ते एका तारखेने. १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचमध्ये दंगल झाली आणि १६ फॅन मेले. कोलकाता हे विसरलं नाही. १६ ऑगस्ट हा तिथे फुटबॉलप्रेमी दिवस आहे, आणि त्या दिवशी दोन्हीकडचे लोक रक्तदान करतात. बंगळूरच्या त्या ११ जणांसाठी कॅलेंडरवर अशी जागा होते का, ते बघायचं.

दुसरी तारीख अलीकडची. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या हत्येने शहर पेटलं होतं. १८ ऑगस्टला ड्युरँड कपची डर्बी होती, ती बंदोबस्त पुरणार नाही म्हणून रद्द केली. तर फॅन्स तरीही सॉल्ट लेकला आले. मोहन बागानचे आले, ईस्ट बंगालचे आले, मोहमेडनचेही आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, धरपकड केली. एरवी एकमेकांचा मासाही ताटात न घेणारे हे लोक हिरवे-मरून आणि लाल-पिवळे झेंडे एकत्र धरून एकमेकांच्या खांद्यावर बसून त्या मुलीसाठी न्याय मागत होते. मोहन बागानचा कॅप्टन सुभाशिष बोससुद्धा बायकोबरोबर रस्त्यावर आला.

त्या संध्याकाळी तिकीट नव्हतं, स्कोअर नव्हता. माझ्या यादीतला पहिला नंबर मात्र त्या संध्याकाळीच ठरला.